नदीचे मूळ आणि पोर्शेचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. विचारले की काहीतरी अडचणीचे हाती लागते आणि मग ना पाणी गोड लागत, ना उपदेश. मोटारगाड्यांच्या जगात ही म्हण कोणाला ठाऊक नसावी. तेथे कूळ विचारल्याशिवाय कोणी कोणाला पंगतीला बसवीत नाही. जर्मनीतील स्टुटगार्टच्या पोर्शे घराण्यात तर याचा कळसच झाला. या घराण्यात जन्मलेल्या ९१४ आणि ९२४ या दोन वेगवान गाड्यांना बाजारात येऊन अर्धे शतक लोटले, तरी ‘ही काही खरी पोर्शे नव्हे’ हे वाक्य त्यांच्या पाठीशी अजून लागलेले आहे. गाडी संथ होती, वळणावर कच खात होती, लवकर मोडत होती, असा काही मुख्य आक्षेप नव्हता. आक्षेप एवढाच, की तिच्या अंगात फोक्सवॅगनचे रक्त होते.

फोक्सवॅगन म्हणजे लोकांची गाडी. मास्तर, पोस्टमन, भाजीवाला यांची. पोर्शे म्हणजे श्रीमंतांचा शौक. तेव्हा हा वाद दोन कंपन्यांचा दिसला तरी मुळात तो प्रतिष्ठेचा, म्हणजे सोवळ्याओवळ्याचा आहे. आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात गोडी वाटावी अशी गोष्ट ही, की कागदपत्रे उघडून बसले तर सोवळे नेसलेली मंडळीच प्रथम अडचणीत येतात.

फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ साली स्टुटगार्टमध्ये स्वतःची अभिकल्प-कचेरी काढली. ती गाड्या बनवीत नसे, इतरांसाठी गाड्यांचे आराखडे करून देई. १९३४ मध्ये जर्मन मोटार उद्योगाच्या संघटनेकडून स्वस्त लोकगाडीचे काम तिला मिळाले. या कामामागे हिटलरचा आग्रह होता आणि पोर्शे यांनी त्याच्या कृपेचा पुरेपूर लाभ घेतला, हे लपवण्याचे कारण नाही. त्या गाडीसाठी उभारलेल्या कारखान्यात युद्धकाळात सक्तीने आणलेल्या मजुरांना राबवण्यात आले. कुळाची चौकशी करायचीच असेल तर ती येथपासून व्हावी. पण रसिक मंडळी नेमके हे पान उलटून पुढे जातात.

युद्धानंतर फर्डिनांड पोर्शे फ्रान्सच्या तुरुंगात होते. त्यांचा मुलगा फेरी पोर्शे ऑस्ट्रियातील ग्म्युंड या लहानशा गावी एका जुन्या लाकूड कापण्याच्या गिरणीत बिऱ्हाड थाटून कशीबशी कचेरी चालवीत होता. तेथे १९४८ च्या जूनमध्ये पोर्शे नावाची पहिली गाडी रस्त्यावर आली. तिला आज ‘३५६, क्रमांक १’ म्हणतात आणि भक्तगण तिच्यापुढे हात जोडतात. नळ्यांचा सांगाडा, त्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे, दोन आसने, उघडे टप. आणि आत? इंजिन फोक्सवॅगनचे, ११३१ घन सेंटिमीटरचे, थोडी शक्ती वाढवून ३५ अश्वशक्तीवर आणलेले. गिअरपेटी फोक्सवॅगनची, ब्रेक फोक्सवॅगनचे, पुढची चाके धरणारी जोडणीही फोक्सवॅगनची. त्या दिवसांत दुसरे काही मिळतच नव्हते. घरात जे धान्य होते त्याची भाकरी थापली, इतकी साधी गोष्ट.

त्याच वर्षी फोक्सवॅगनचे नवे प्रमुख हाइन्ट्स नॉर्डहॉफ आणि पोर्शे यांच्यात करार झाला. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोक्सवॅगनमागे पोर्शेला मानधन आणि त्या बदल्यात पोर्शेची बुद्धी फोक्सवॅगनच्या सेवेला. म्हणजे मास्तर, पोस्टमन आणि भाजीवाला यांनी घेतलेल्या एकेका गाडीमागे थोडे पैसे स्टुटगार्टला जात आणि त्यातून श्रीमंतांची वेगवान गाडी घडत असे. पुढे या दोन घराण्यांत सोयरिकही झाली. नॉर्डहॉफ यांची मुलगी फर्डिनांड पोर्शे यांच्या नातवाला दिली. नाते असे जेवणाखाणाचे होते. मग बाटणे कुठून आले?

ते आले १९६३ नंतर. त्या वर्षी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९११ अवतरली. मागे बसवलेले सहा सिलिंडरचे इंजिन, गोल डोळे, उतरत जाणारी पाठ. गाडी उत्तम होती यात शंका नाही. पण तिची किंमत वाढत गेली तसा तिच्या मालकांचा तोराही वाढला, आणि आपले आजोबा कोण हे विसरण्याची घाई झाली. नव्याने श्रीमंत झालेल्या घरात गावाकडची म्हातारी माजघरात बसवतात, तसे झाले.

साठीच्या दशकाच्या अखेरीस दोन्ही कंपन्यांची गरज पुन्हा जुळली. फोक्सवॅगनला तिची जुनी देखणी कार्मान घिया बदलायची होती, पोर्शेला ९११ पेक्षा स्वस्त काहीतरी हवे होते. फेरी पोर्शे आणि नॉर्डहॉफ यांनी ठरवले, की गाडी एकच करायची. चार सिलिंडरची फोक्सवॅगनने आपल्या नावाने विकावी, सहा सिलिंडरची पोर्शेने. ठरवले म्हणजे हात मिळवले. कागद झाला नाही. वीस वर्षांच्या मैत्रीत कागद मागायचा कोणी?

एप्रिल १९६८ मध्ये नॉर्डहॉफ वारले. त्यांच्या जागी आलेले कुर्ट लोट्स हे या नात्यागोत्यातले नव्हते. त्यांनी विचारले, कागद कुठे आहे? कूळ या शब्दाचा दुसरा अर्थ आपल्या सीमाभागातील वाचकांना सांगायला नको. पिढ्यान्पिढ्या जमीन कसावी आणि उताऱ्यावर नाव नसावे, अशी जी स्थिती कित्येक घरांनी सोसली, तीच ९१४ च्या वाट्याला आली. गाडीवर हक्क फोक्सवॅगनचा ठरला, कार्मानकडून पोर्शेला मिळायच्या सांगाड्याचा भाव चढला आणि अखेर दोघांच्या भागीदारीत विक्रीची एक वेगळी कंपनी काढून तोडगा निघाला. युरोपात गाडीच्या पाठीवर जोडनाव आले, ‘फोक्सवॅगन-पोर्शे’. अमेरिकेत मात्र तीच गाडी नुसती ‘पोर्शे’ म्हणून विकली. एका गावात जोडनाव, दुसऱ्या गावात एकच आडनाव. संशय घ्यायला लोकांना आणखी काय हवे!

सप्टेंबर १९६९ मध्ये ती फ्रँकफर्टला लोकांपुढे आली. चपटी, कोनाकोनाची, पुढून आणि मागून जवळजवळ सारखीच. टपाचा मधला भाग उचलून मागच्या पेटीत ठेवता येई. पुढे एक आणि मागे एक अशा सामानाच्या दोन पेट्या. इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या आसाच्या पुढे. असे इंजिन मध्यभागी आले की वजन दोन्हीकडे नीट वाटले जाते आणि वळणावर गाडी रस्ता सोडत नाही. शर्यतीच्या गाड्या याच रचनेच्या असतात. मौज अशी, की ग्म्युंडच्या त्या पहिल्या पोर्शेतही इंजिन नेमके येथेच होते. तेव्हा परंपरेच्या दृष्टीने पाहिले तर ९१४ ही मूळ पुरुषाच्या अधिक जवळची म्हणायला हवी. पण चार सिलिंडरच्या गाडीत १.७ लिटरचे ८० अश्वशक्तीचे फोक्सवॅगन-इंजिन होते, एवढे लोकांना पुरले. जर्मनीत तिला ‘फोक्सपोर्शे’ म्हणू लागले आणि त्याचे लघुरूप केले ‘फोपो’. हाच शब्द तेव्हा पूर्व जर्मनीच्या पोलिसांसाठी वापरात होता, त्यावरून टवाळीचा रंग लक्षात यावा.

सहा सिलिंडरच्या ९१४/६ ची गोष्ट अधिक करुण. तिच्यात ९११ चेच इंजिन होते, ११० अश्वशक्तीचे. पण भाव वाढलेल्या सांगाड्यामुळे तिची किंमत सर्वांत स्वस्त ९११ च्या इतकी जवळ गेली, की नाकापेक्षा मोती जड झाला. गिऱ्हाईक म्हणे, थोडे आणखी घालून खरीच का घेऊ नये? जेमतेम तेहतीसशे गाड्या विकल्या आणि ती बंद झाली. चार सिलिंडरची मात्र १९७६ पर्यंत लाखाच्या वर खपली. ज्यांना पंगतीत जागा नको होती, नुसती गाडी हवी होती, अशी माणसे जगात पुष्कळ असतात.

येथे एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. जून १९७० मध्ये फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत पोर्शेने पहिल्यांदा एकूण अव्वल क्रमांक मिळवला. हान्स हेरमान आणि रिचर्ड अॅटवुड यांनी चालवलेली ती ९१७ गाडी आज जगप्रसिद्ध आहे. त्याच शर्यतीत, त्याच मुसळधार पावसात, क्लोद बालो-लेना आणि गी शासेय यांची ९१४/६ सहावी आली आणि आपल्या वर्गात पहिली, म्हणजे त्या वर्गातल्या ९११ गाड्यांच्याही पुढे. दोन महिन्यांनी न्युर्बुर्गरिंगच्या वळणावळणाच्या रस्त्यावर, तीन दिवसांहून अधिक चाललेल्या अखंड शर्यतीत पहिल्या तिन्ही जागा ९१४/६ नेच घेतल्या. निकाल छापून आले, पण मत बदलले नाही. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचे गुणपत्रक न पाहता त्याच्या बापाचा धंदा विचारणारे लोक शिक्षकाला नवे नाहीत.

खुद्द फेरी पोर्शे यांना ही गाडी कमीपणाची वाटत नव्हती. १९६९ मध्ये त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला आठ सिलिंडर बसवलेली एक खास ९१४ त्यांना भेट देण्यात आली आणि ती त्यांनी रस्त्यावर वापरली. यजमान ज्या ताटात जेवतो ते ताट पाहुण्यांना हलके वाटावे, हा प्रकार समजण्यापलीकडचा आहे.

दुसऱ्या गाडीची, ९२४ ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि माझ्या मते अधिक मोलाची. फोक्सवॅगनने सत्तरीच्या सुरुवातीस पोर्शेकडे एक नवी वेगवान गाडी रेखाटायला दिली. ती फोक्सवॅगन-ऑडीच्याच दुकानांत विकली जायची होती, म्हणून तिच्यात त्यांचेच भाग घालण्याची अट होती. १९७३ च्या अखेरीस तेलाचे संकट आले. फोक्सवॅगन तोट्यात गेली, १९७५ च्या आरंभी प्रमुख रुडॉल्फ लायडिंग जाऊन टोनी श्म्युकर आले. वेगवान गाडीची चैन आता नको, असे ठरले. तयार झालेले मूल जन्मदात्याने नाकारले. तेव्हा आराखडा करणाऱ्या पोर्शेनेच पैसे मोजून ते घरी नेले. दाई होती, ती आई झाली.

आपल्याला दत्तक प्रकरणाचे राजकारण चांगले ठाऊक आहे. १८४८ मध्ये साताऱ्याचा आणि १८५४ मध्ये झाशीचा दत्तक इंग्रजांनी नामंजूर केला, त्याचे पुढे काय झाले हे शाळकरी मुलेही सांगतात. उलट, १८७५ मध्ये बडोद्याच्या जमनाबाई महाराणींनी कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला, तो मंजूर झाला आणि बडोद्याला सयाजीराव मिळाले. त्यांच्या राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आले, गावोगावी ग्रंथालये उभी राहिली. त्यांचे मूळ गाव काढून नाक मुरडणारे तेव्हा कोणीच नसतील असे कसे म्हणावे? बरोबर शंभर वर्षांनी, नोव्हेंबर १९७५ मध्ये, दक्षिण फ्रान्समध्ये पत्रकारांना दाखवलेल्या ९२४ चे दत्तकविधान असेच कागदोपत्री पक्के होते. तरीही भाऊबंदांनी ते मानले नाही.

त्यांची हरकत इंजिनाला. ते दोन लिटरचे, पाण्याने थंड होणारे, चार सिलिंडरचे इंजिन ऑडीच्या घरचे, आणि त्याचेच दुसरे रूप फोक्सवॅगनच्या ‘एलटी’ या माल वाहणाऱ्या व्हॅनमध्ये बसवले होते. झाले! ‘व्हॅनचे इंजिन असलेली पोर्शे’ हे वाक्य जे चिकटले ते आजतागायत सुटलेले नाही. वास्तविक व्हॅनमधले इंजिन कार्ब्युरेटरवर ७५ अश्वशक्ती देई. ९२४ मध्ये इंधन फवारण्याची वेगळी व्यवस्था होती आणि युरोपात शक्ती १२५. एकाच विहिरीचे पाणी दोन घरी भरतात म्हणून दोन्ही घरची आमटी सारखी होत नाही. शिवाय तिची खरी करामत इंजिनात नव्हतीच. इंजिन पुढे ठेवून गिअरपेटी थेट मागच्या आसावर नेली होती, आणि दोहोंना जोडणारा बारीक दांडा एका भक्कम नळीतून फिरत असे. त्यामुळे वजन पुढे ४८ आणि मागे ५२ टक्के असे वाटले गेले. हार्म लागाय या डच अभिकल्पकाने रेखाटलेले अंग इतके निमुळते, की हवेला ती फारच थोडा विरोध करी. चालवणारे सांगत की वळणावर ती ९११ पेक्षा समजूतदार आहे; ९११ चुकीला क्षमा करीत नसे, ही करीत असे. समजूतदारपणा हा गुण वेगवान गाडीत मोजत नाहीत, हे खरे. तिला ‘गृहिणींची पोर्शे’ असेही म्हणत. टोमणा मारायला बायकांचेच नाव हाताशी लागते, ही सवय केवळ आपल्याकडची नाही.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी स्टुटगार्टजवळ अभियंता आहे. त्याने काही वर्षांपूर्वी १९७९ सालची एक ९२४ घेतली आणि स्वतः दुरुस्त केली. तो लिहितो, “सर, शेजारी विचारतात की ही कोणती जपानी गाडी? आणि ९११ वाले रस्त्यात भेटले तर आपसात हात उंचावतात, माझ्याकडे पाहून आरसा नीट करतात.” तो हे हसत लिहितो, पण पुढे तिच्या बदललेल्या भागांची दीड पानांची यादी देतो, त्यावरून त्याला काय वाटते ते कळते. आपल्याकडेही असे घडले आहे. गोव्यात तयार झालेली ‘स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी किती वाचकांना आठवते? अंग फायबरग्लासचे, इंजिन फ्रान्सच्या रेनॉचे, लहानसे. घराशेजारी बनलेली वेगवान गाडी, पण नाव सांगून पाहा. दहांतले नऊ जण ती कोणत्या परदेशी कंपनीची, असेच विचारतील.

आता ९२४ ची ती बाजू, जिच्याबद्दल गाडीची गुणावगुण-चर्चा करणारे फारसे बोलत नाहीत. ही गाडी स्टुटगार्टला बनत नव्हती. ती बनत होती उत्तरेला थोड्या अंतरावर, नेकार्सउल्म या गावी, एन.एस.यू. या जुन्या कंपनीच्या कारखान्यात. एन.एस.यू. एकेकाळी सायकली आणि मोटरसायकलींसाठी नावाजलेली. तिचे १९६९ मध्ये ऑडीत विलीनीकरण झाले आणि ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली आली. १९७५ च्या संकटात हा कारखाना बंद करण्याच्या हालचाली सुरू झाल्या. एप्रिलमध्ये हजारो कामगार नेकार्सउल्महून शेजारच्या हाइलब्रॉन शहरापर्यंत मोर्चाने चालत गेले. १९८२ चा मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप आणि त्यानंतर गावी परतलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या मोर्चात चालणाऱ्यांच्या पोटात काय कालवत असेल ते सांगावे लागणार नाही. आपले गिरणगाव वाचले नाही. नेकार्सउल्म वाचले. वाचण्याची कारणे अनेक होती. त्यांतले एक ठळक कारण हे, की पोर्शेने आपली नवी गाडी याच कारखान्यात, ऑडीच्याच कामगारांकडून बनवून घेण्याचे ठरवले. भाग ऑडी-फोक्सवॅगनचे, हात एन.एस.यू.चे, नाव पोर्शेचे. ज्याला रसिक भेसळ म्हणाले, त्यावर त्या गावातल्या चुली पेटत राहिल्या.

आणि गाडी खपली. ९२४ आणि तिची सुधारलेली रूपे मिळून दीड लाखाच्या आसपास गाड्या १९८८ पर्यंत निघाल्या. १९८० मध्ये तिची शर्यतीची आवृत्ती घेऊन पोर्शे पुन्हा ल मां ला गेली. तीन गाड्या उतरवल्या, तिन्ही शर्यत पुरी करून आल्या, सहाव्या, बाराव्या आणि तेराव्या. पुढे तिच्याच सांगाड्यावर ९४४ आली, तीही नेकार्सउल्मलाच बनली, आणि तिने दीड लाखाचा आकडा ओलांडला. ९४४ मध्ये इंजिन पोर्शेचे स्वतःचे होते, तेव्हा टवाळखोरांची थोडी पंचाईत झाली. मग ते म्हणू लागले की सिलिंडर चारच आहेत. त्या काळी पोर्शेचे वरिष्ठ ९११ बंद करण्याच्या विचारात होते. १९८१ मध्ये आलेले प्रमुख पीटर शुट्स यांनी तो बेत मोडला आणि ९११ जगली. शुट्स यांना त्याचे श्रेय मिळते, ते योग्यच. पण त्या वर्षांत घरखर्च चालवण्यात धाकट्या जावेचा, चार सिलिंडरच्या गाड्यांचा, वाटा मोठा होता, याची नोंद घराण्याच्या बखरीत कोपऱ्यात केलेली असते. नव्वदीच्या आरंभी कंपनी पुन्हा डबघाईला आली, तेव्हा १९९६ मध्ये तिला तारायला आली ती बॉक्स्टर. दोन आसने, उघडे टप, इंजिन मध्यभागी, म्हणजे आराखड्याने ९१४ चीच नात. तिलाही ‘गरिबाची पोर्शे’ म्हणून झाले.

२००५ पासून पोर्शेने फोक्सवॅगनचे समभाग घ्यायला सुरुवात केली. लहान कंपनीने अवाढव्य कंपनी गिळण्याचा तो डाव होता. २००९ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली तो अंगाशी आला आणि उलटेच झाले: २०१२ च्या ऑगस्टमध्ये पोर्शेचा मोटार-व्यवसाय पूर्णपणे फोक्सवॅगनच्या मालकीचा झाला. फोक्सवॅगनमधील बहुसंख्य मते मात्र पोर्शे-पिएख कुटुंबाच्या कंपनीकडे. आता कोण कोणाचे दत्तक, हे सांगायला एखादा गागाभट्टच बोलवावा लागेल. २००२ मध्ये आलेली पोर्शेची उंच, जडशीळ कायेन आणि फोक्सवॅगनची टुआरेग यांचा पाया एकच. पण कायेनचा मालक पेट्रोल पंपावर मान खाली घालून उभा असल्याचे कोणी पाहिलेले नाही. नव्या श्रीमंताला कूळ विचारायचे धाडस होत नाही, जुन्या गरिबाला विचारतात. दरम्यान त्या तेहतीसशे ९१४/६ पैकी ज्या चांगल्या उरल्या, त्यांना आता कित्येक ९११ गाड्यांहून अधिक किंमत येते. ज्यांनी तेव्हा थोडे आणखी घालून ‘खरी’ घेतली, त्यांचे वारस आज लिलावात त्यांच्यावर बोली लावत असतील.

नेकार्सउल्मचा कारखाना चालू आहे. तेथे २००६ पासून ऑडीची आर-८ ही अतिवेगवान गाडी बनू लागली. इंजिन मध्यभागी, आणि तिच्या दहा सिलिंडरच्या रूपात लॅम्बोर्गिनीशी सामाईक. २०१४ मध्ये तिची जुळणी नव्या शाखेत हलवली गेली आणि २०२४ मध्ये गाडी बंद होईपर्यंत ती तेथेच झाली. ती शाखा हाइलब्रॉनच्या हद्दीत आहे. १९७५ च्या एप्रिलमध्ये मोर्चा चालत गेला होता, त्याच शहराच्या.